सायरनच्या आधी

रविवार, १४ मार्च १९८२

चर्चमधून परत आलो तर माझा भाऊ कॉर्ट जिन्यात उभा. हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी, आणि ते असं छातीशी धरलेलं की मला वाटलं कुणाचं बाळच घेऊन आला. आई म्हणाली, "चर्च बुडवून काय आणलंस?" तर म्हणतो, "ड्रमर आणलाय. जेवत नाही, दमत नाही, तालमीला उशिरा येत नाही."

ड्रम मशीन! खाली रंगीत बटणांची रांग, वर फिरवायच्या चकत्या. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या रेकॉर्डवरचे ताल उचलून वापरतोय आम्ही. आता ताल आमचा. समोरच्या बिल्डिंगमधून फिनो पायात एकच मोजा घालून धावत आला. आमच्या 'प्रॉस्पेक्ट थ्री'चं असं आहे, टर्नटेबलवर फिनो, गाणं जुळवणार माझा भाऊ, आणि माईकवर मी, डेल. कॉर्टने बटण दाबलं. पहिला ठोका कानाच्या आधी पोटात आला. कपाटातल्या बशा थरथरल्या. खालून मिस ओडेसाने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. फिनो म्हणाला, "म्हातारी अगदी तालात ठोकतेय बघ. हिलाच घेऊ या ग्रुपमध्ये, डेलला काढू."

मशीन मिस्टर व्हान्सने दिलं म्हणे. व्हान्स म्हणजे घरमालकाचा माणूस, भाडं न्यायला येतो तो. त्याला संगीताची आवड आहे, असं कॉर्ट म्हणतो. आई मक्याचा कॉर्नब्रेड कापत होती, ती थांबलीच. "अख्खा हिवाळा ज्याने घरं गरम ठेवायचा बॉयलर लावला नाही, तो तुला मशीन देतो? कशासाठी?"

"त्याची बारीकसारीक कामं करतो मी."

"कसली कामं?"

"बारीकसारीक."

आईला कशातच आनंद होत नाही.

शुक्रवार, २६ मार्च

शाळेच्या जिममध्ये आज मशीन पहिल्यांदा वाजवलं. सुरुवातीला पोरं नुसती उभी. कुणाला कळेना की ढोल वाजतोय तर वाजवणारा कुठाय. मग एकजण जमिनीवर पडला आणि पाठीवर गरगर फिरायला लागला, आणि मग जे काही झालं! माझा घसा बसलाय. कुजबुजत लिहितेय असं वाटतंय.

कॉर्टची उजवी भुवई अर्धी जळालीय. ओव्हन पेटवताना भडका उडाला म्हणे. मी म्हटलं, तू ओव्हन पेटवलास हीच मोठी बातमी. हसला नाही. हल्ली अंगाला पेट्रोल पंपावर काम करणाऱ्यासारखा वास येतो त्याच्या. मी पंपाचं विचारलं तर म्हणाला, "हो, तसंच काहीतरी."

शनिवार, १० एप्रिल

उद्या ईस्टर. आई हॅम भिजवतेय आणि चिडचिड करतेय.

दुपारी फॉक्स स्ट्रीटवर बिल्डिंग जळाली. आणखी एक. आमच्या खिडकीतून धूर दिसत होता. ब्रॉन्क्समध्ये जळण्याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही, लोक धूर बघून वाळत घातलेले कपडे तेवढे आत घेतात. पण नशीब बघा, कॉर्ट टेपरेकॉर्डर घेऊन नेमका तिथेच होता! गाण्यात शहराचे खरे आवाज हवेत असं तो कधीचा म्हणतोय.

आम्ही टेप ऐकली. आधी कबुतरं, मग पोरींचा दोरीवरच्या उड्यांचा खेळ. मग बराच वेळ काही नाही, फक्त कॉर्टचा श्वास. मग काच फुटली. मग कागद चुरगळावा तसा आवाज, वाढत वाढत जाणारा. एक बाई कुणाला तरी हाका मारते, "मुंडो! मुंडोऽ!" आणि मग लांबून सायरन, जवळ येत जाणारा. अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, हे मशीनच्या तालावर बसवलं तर न्यूयॉर्कमध्ये कुणाकडे असं गाणं नसेल.

फिनो मात्र पांढराफटक. त्याने टेप मागे घेऊन परत लावली. "काच फुटायच्या आधीपासून तू तिथे काय करत होतास?"

"सांगितलं ना. पोरींचा आवाज हवा होता."

"तुझा श्वास ऐक, कॉर्ट. पळून आल्यासारखा आहे."

"तुला काय म्हणायचंय?"

फिनोने टेप बंद केली. त्याची मावशी राहते त्या गल्लीत, म्हणून जिवाला लागलं असणार. पण कॉर्टची कल्पना होती, फिनोची नव्हती, हेही आहेच.

बुधवार, २१ एप्रिल

स्टुडिओ! मॅनहॅटनमध्ये, चौथ्या मजल्यावर, भिंतींना अंड्यांच्या खोक्यासारखा स्पंज. स्टुडिओचा वेळ व्हान्सच्या ओळखीने मिळाला. तिथला माणूस ग्रेगरी, सुतळीएवढा बारीक, दिवसभर चहा पितो. त्याने माझा आवाज एका यंत्रातून घातला तो असा बाहेर आला की टोस्टर बोलायला लागलाय. मी लिहिलेले शब्द होते:

"बटण दाबा, शहर चालू,
बटण दाबा, शहर बंद,
कुणाचं बोट आहे बटणावर?
त्याला विचारा, तो आहे थंड."

त्या आवाजात ते इतकं भीतीदायक वाटलं की माझी मलाच ओळख पटेना. ग्रेगरी म्हणाला, "हेच. बाईही नाही, माणूसही नाही. हेच."

मग कॉर्टने टेप दिली. ग्रेगरी आधी सायरनवर खूश झाला, मग त्या बाईच्या हाकेवर. हाकेचा तुकडा कापून त्याने प्रत्येक चौथ्या ठोक्यावर बसवला. मुंडो, मुंडो, मुंडो. फिनो उठला. म्हणाला, "हे राहणार असेल तर मी नाही."

कॉर्ट म्हणाला, "फिनो, नुसता आवाज आहे रे."

"तुला माहितीय तो कसला आवाज आहे ते."

आणि खरंच गेला. स्वतःचे हेडफोनसुद्धा विसरून. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि दारात यश आलं की लोक असे वागतात. घरी येताना ट्रेनमध्ये कॉर्ट फिनोचे हेडफोन मांडीवर घेऊन बसला होता. मी फार रागावले होते. फिनोवर.

रविवार, २५ एप्रिल

फिनो आला, पण घरात नाही. कॉर्टला गच्चीवर घेऊन गेला. बऱ्याच वेळाने कॉर्ट एकटाच खाली आला आणि सरळ मोरीत जाऊन ओकला. तळलेल्या माशात काहीतरी होतं म्हणे. मासे मीपण खाल्ले, मला काही झालं नाही.

संध्याकाळी ग्रेगरीला फोन करून कॉर्ट म्हणत होता, "ती हाक काढून टाका." ग्रेगरी ऐकेना. सगळं एकत्र मिसळून झालंय, आता काही निघत नाही. फोन ठेवल्यावर कॉर्ट तिथेच भिंतीला टेकून जमिनीवर बसला. मी म्हटलं, "अरे, तीच तर मजा आहे गाण्यात." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून आत गेले.

रविवार, ९ मे

मदर्स डे. आईला कार्नेशनची फुलं आणली. व्हान्सनेही आणली! मोठा गुच्छ घेऊन दारात हजर. गोड बोलणं, चकाचक बूट. आमचा सोफा, भिंती, खिडक्या बघत होता, दुकानात माल बघतात तसा. म्हणाला, "मिसेस मेब्री, ब्रिजपलीकडे मालकांची चांगली बिल्डिंग आहे. चोवीस तास गरम पाणी. हलता का?"

"इथलंच पाणी गरम करा," आई म्हणाली.

"इथे आता किती दिवस राहणार तुम्ही? वरचे दोन मजले रिकामे झालेत. गर्दुल्ल्यांनी पाइपसुद्धा नेलेत. छताला भोकं पाडलीत."

"गर्दुल्ले छताला भोकं कशाला पाडतील?"

"त्यांचं डोकं ठिकाणावर असतं का?" व्हान्स हसला. आई हसली नाही. मग तो कॉर्टशी बोलायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. मला स्टुडिओचं काहीतरी असेल असं वाटलं, म्हणून मी दार लोटून घेतलं.

खाली मिस ओडेसालाही विचारून आला तो. तिचं उत्तर आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं. "माझा नवरा या जिन्यावरून शवपेटीत गेला. मीही तशीच जाईन. तू तुझे बूट सांभाळ."

कॉर्टने आमच्या सगळ्या रेकॉर्ड आणि आईचे फोटो खोक्यात भरून लव्हिनियामावशीकडे माउंट व्हर्ननला पोचवले. चोरांचा सुळसुळाट झालाय म्हणून. एकदम जबाबदार झालाय हल्ली. पण वजन उतरलंय त्याचं.

गुरुवार, २७ मे

आलो! आलो आम्ही रेडिओवर! मी लॉन्ड्रीत होते, माझ्या कामावर, आणि ड्रायरच्या घरघरीतून तो ठोका आला. आधी वाटलं ड्रायर बिघडला. मग माझाच टोस्टरचा आवाज! ओल्या चादरी तशाच टाकून रस्त्यावर पळाले. प्रत्येक खिडकीतून, प्रत्येक गाडीतून तेच. पोरं पुठ्ठा अंथरून नाचत होती. न्हाव्याचं दुकान चालवणारे ल्यूशियस आजोबा गिऱ्हाइकाची अर्धी दाढी टाकून बाहेर आले आणि म्हणाले, "हे गाणं आहे की फ्रिज? काही असो, पाय थांबत नाहीत."

मिस ओडेसासाठी रेडिओ मोठा करून तिच्याकडेच ऐकलं. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "त्यात एक बाई मुलाला हाक मारतेय ना?"

"तो नुसता आवाज आहे, मिस ओडेसा."

"मी चार पोरं वाढवलीत. मला आवाज कळतो. सापडला का तिचा मुलगा?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला पडलाच नव्हता. घरी येऊन कॉर्टला विचारलं, तर त्याने रेडिओ बंद केला. स्वतःचंच गाणं! आणि आत जाऊन झोपला, भरदुपारी.

मंगळवार, ८ जून

लॉन्ड्रीतून येताना पाहिलं, व्हान्सची गाडी गल्लीच्या तोंडाशी. कॉर्ट खिडकीशी वाकून उभा आणि व्हान्सचा हात त्याच्या मानेवर. लांबून मला लाडाचा हात वाटला. जवळ गेले तर बोटं रुतलेली दिसली. मला पाहून हात निघाला. "ही बघा आपली स्टार," व्हान्स म्हणाला. "भावाला समजाव जरा. कलावंत झाला की माणूस शब्द विसरतो."

नंतर कॉर्टला म्हटलं, काय शब्द दिलायस? तो म्हणाला, "शेंगदाण्या, मी सैन्यात गेलो तर तू आईला सांभाळशील?" लहानपणापासून शेंगदाणाच म्हणतो मला. म्हटलं, तुला सैन्यात घेणार कोण, अर्ध्या भुवईच्या माणसाला? तेव्हा हसला, बऱ्याच दिवसांनी.

शनिवार, १२ जून, सकाळी

मावशीकडे जायचंय, दिवसभर. कॉर्टने ठरवलंय सगळं. तो संध्याकाळी तिथेच येणार. आजच का, ते सांगत नाही. मॅनहॅटनमध्ये अणुबॉम्बविरोधी मोर्चा आहे, गाड्या तुडुंब असतील, म्हणून लवकर निघा म्हणतो. आईला पायात चप्पल घालायलासुद्धा वेळ देईना.

मग सगळ्यांची चौकशी. दुसऱ्या मजल्यावरचे कुठे? मोर्चाला. खालचे दोघे भाऊ? कामावर. "आणि मिस ओडेसा? शनिवारी चर्चच्या कॉयरला गायला जाते ना?" मी म्हटलं, जातेच, तिच्याशिवाय तो कॉयर सूर लावेल का. "नक्की?" "अरे नक्की." माझ्या कपाळावर ओठ टेकवून गेला. किती वर्षांत असं केलं नव्हतं.

तो गेल्यावर आईने मला कॉर्नब्रेड द्यायला खाली पाठवलं, तर मिस ओडेसा घरातच. पाय भोपळ्यासारखा सुजलाय. कॉयरला नाही जाणार म्हणाली. चला आमच्याबरोबर म्हटलं, तर म्हणे जिना उतरवत नाही. संध्याकाळी येताना सूप आणीन तिच्यासाठी. आई हाका मारतेय.

गुरुवार, १७ जून, माउंट व्हर्नन

कॉर्ट गेला.

चार वेळा वही उघडून मिटली.

जे लोकांनी सांगितलं ते लिहिते. आग दुपारी लागली, वरच्या रिकाम्या मजल्यावर. आमची बिल्डिंग. ल्यूशियस आजोबा म्हणतात, कॉर्ट समोरच्या फुटपाथवर उभा होता. हाताची घडी घालून वर बघत होता. लोक जमायला लागले होते. मग मिस ओडेसा खिडकीत आली. आजोबा म्हणतात, कॉर्टने असा आवाज काढला की त्यांना वाटलं कुणी त्याला भोसकलं. आणि धावला. लोकांनी धरायचा प्रयत्न केला, शर्टाची बाही हातात राहिली एकाच्या.

त्याने तिला उचलून बाहेरच्या लोखंडी जिन्यावर आणलं आणि अग्निशमनवाल्याच्या हातात दिलं. तो अजून खिडकीतच होता, तेवढ्यात वरचं छत त्याच्यावर कोसळलं. छताला आधीच भोकं होती ना.

पेपरात फोटो आलाय. 'गाण्याचा तारा, आगीचा वीर' असं लिहिलंय. रेडिओवाले गाणं लावायच्या आधी त्याच्यासाठी क्षणभर थांबतात. मी मात्र एकच हिशेब लावत बसलेय. त्याने विचारलं तेव्हा मी नक्की म्हटलं होतं. आणि तो का विचारत होता?

आई रडत नाहीये. मावशीच्या घरातली भांडी घासतेय, घासलेलीच परत घासतेय.

शनिवार, १९ जून

चर्च बाहेरपर्यंत भरलं होतं. पाद्री म्हणाले, मित्रासाठी प्राण देण्याहून मोठं प्रेम नाही. सगळे आमेन म्हणाले. आई म्हणाली नाही.

सगळ्यात मोठा हार व्हान्सचा. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "ब्रिजपलीकडचं घर तुमच्यासाठी ठेवलंय. भाड्याचं मनात आणू नका. आणि कुणी चौकशीला आलं तर दुःखात काहीबाही बोलू नका. वीराचं नाव आहे ते, जपायला हवं." हात कोरडे होते त्याचे. थंड.

फिनो शेवटच्या बाकावर होता. बाहेर गाठलं त्याला. म्हटलं, "माझ्याशी बोल. गच्चीवर काय सांगितलंस त्याला?"

त्याने मला गर्दीपासून बाजूला घेतलं. मग म्हणाला, "मुंडोबद्दल. माझ्या मावशीच्या शेजारणीचा मुलगा. जिन्यात सापडला होता. दवाखान्यात वारला."

"कॉर्टला माहीत नव्हतं?"

"बिल्डिंग रिकामी आहे असं व्हान्सने सांगितलं होतं त्याला." आणि रडायलाच लागला. "मी कुणाला सांगितलं नाही, डेल. त्याने शपथ घातली होती. म्हणाला, आता यापुढे नाही. मी विश्वास ठेवला."

मी चर्चच्या पायरीवर बसले. समोरच्या गाडीत आमचंच गाणं चालू होतं आणि एक छोटी मुलगी फुटपाथवर त्यावर नाचत होती. मुंडो, मुंडो, मुंडो. तिच्या आईने मला ओळखून हात हलवला.

मंगळवार, २२ जून

दवाखान्यात गेले. मिस ओडेसाच्या दोन्ही हातांना बँडेज. मला बघून नर्सला बाहेर पाठवलं तिने.

"तुझा भाऊ दार तोडून आत आला तेव्हा पहिलं काय म्हणाला, माहितीय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"म्हणाला, 'तुम्ही कॉयरला का नाही गेलात?' रडत होता. मला उचलून खिडकीपर्यंत नेईपर्यंत तेच. 'तुम्ही कॉयरला का नाही गेलात?'"

मला तिच्याकडे बघवेना.

"आगीची चौकशी करणारे दोनदा येऊन गेले," ती म्हणाली. "मी म्हटलं, धुरात काही ऐकू आलं नाही. खोटं बोलले. त्याने मला बाहेर काढलं म्हणून. आता माझं देणं फिटलं की नाही ते देव ठरवेल. पण पोरी, विम्याच्या पैशांसाठी जाळायला अजून किती बिल्डिंगी आहेत त्या माणसाच्या मालकाकडे?"

मावशीकडे येऊन आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "माझ्याकडे त्याचं एवढंच उरलंय. तेही घेऊ नकोस." आणि परत भांडी घासायला लागली.

गुरुवार, २४ जून

चौकशी अधिकाऱ्याचं ऑफिस. लोखंडी टेबल, पंखा, भिंतीवर ब्रॉन्क्सचा नकाशा आणि त्यात टाचण्या. इतक्या, की आमची गल्ली सापडायला वेळ लागला.

मी एकटीच गेले होते. तो पेन काढून म्हणाला, "भावाबद्दल बोलायला आलात की व्हान्सबद्दल?"

म्हणजे त्यांनाही नाव माहीत होतं. फक्त कुणी म्हणत नव्हतं.

"दोघांबद्दल," मी म्हटलं.

"विचार केलाय? बाहेर तुमच्या भावाचं चित्र काढलंय पोरांनी भिंतीवर. ते पुसावं लागेल तुम्हाला. आणि व्हान्ससारख्या लोकांना साक्षीदार आवडत नाहीत. मी तुमच्या दारात पोलीस उभा करू शकत नाही, हे आधीच सांगतो."

मी उठून नकाशावरच्या आमच्या गल्लीवर बोट ठेवलं. तेवढ्यात दार उघडलं. आई. कामाचा पांढरा युनिफॉर्म, हातात पर्स, घाम आलेला. माझ्याकडे न बघता शेजारची खुर्ची ओढून बसली.

"आधी माझं लिहून घ्या," ती म्हणाली. "मदर्स डेला तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात बोलत होता, तेव्हा मी भिंतीपलीकडे कपडे लावत होते. सगळं ऐकलं. वाटलं, माझा मुलगा नाही म्हणेल. रोज वाट बघितली त्याने येऊन मला सांगायची. मी विचारलं नाही."

अधिकाऱ्याने पेन टेकवलं. "मुलाचं पूर्ण नाव?"

"कॉर्टलँड जेम्स मेब्री," आई म्हणाली, आणि त्याला एकेक अक्षर सांगितलं, सावकाश, तो शाळेत जायला लागला तेव्हा सांगितलं होतं तसं.

बाहेर आलो तर ऊन होतं. रस्त्यापलीकडे एक गाडी उभी, इंजिन चालू, काच अर्धी खाली. कुणाची ते दिसलं नाही. आईने माझा दंड धरला.

"मागे बघू नकोस," ती म्हणाली. "चाल."

आम्ही चाललो. गाडीही निघाली, आमच्याच चालीने.